भुंगेऱ्यांचे दप्तर

एखाद्या नव्या प्राणिजातीचा शोध लागल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, की वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे बहुधा घनदाट अरण्य, चिखलाने माखलेले बूट आणि हातात काचेची बाटली घेतलेला एखादा साहसी संशोधक उभा राहतो. परंतु निदान भूचर भुंगेऱ्यांच्या बाबतीत तरी हे चित्र वस्तुस्थितीला फारसे धरून नाही. जो भुंगेरा आज नवा म्हणून जाहीर होतो, तो पुष्कळदा एक पिढीपूर्वीच कोणीतरी पकडून, टाचणीवर चढवून, ठिकाण व तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह संग्रहालयाच्या एखाद्या खणात ठेवून दिलेला असतो, आणि मधल्या काळात त्या खणावरून ज्यांची नजर फिरली त्यांपैकी कोणालाही त्याचे वेगळेपण जाणवलेले नसते. बेन्वा फोंतेन व त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली सर्व प्रकारच्या सजीवांपुरता हा हिशेब मांडला, तेव्हा नमुना हाती लागणे आणि त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध होणे या दोहोंमध्ये सरासरी २१ वर्षे जातात असे त्यांना आढळले. अरण्यात जे घडते ते केवळ पकडणे होय; शोध लागतो तो अभ्यासकाच्या मेजावर, आणि या शोधाचे खरे स्वरूप एखाद्या निवाड्याचे असते. तो पुराव्यानिशी द्यावा लागतो, लेखी द्यावा लागतो, आणि पुढे कोणीही सबळ कारण दाखविल्यास त्याची फेरतपासणी होऊ शकते.

भूचर भुंगेऱ्यांच्या कुलाला शास्त्रात कॅराबिडी असे म्हणतात. आजवर वर्णन झालेल्या त्यांच्या जाती सुमारे ४०,००० भरतात, म्हणजे पृथ्वीवरील सर्व पक्षिजातींच्या साडेतीन पटींहूनही अधिक. पावसाळ्यात बांधावरचा दगड उचलला किंवा कुजका ओंडका उलथला, की जे काळेभोर, लांब पायांचे, चपळ जीव क्षणार्धात दुसऱ्या आडोशाला पळतात, त्यांत या कुलातले पुष्कळ असतात. बहुतेक निशाचर, बहुतेक मांसाहारी, आणि पिकांवरील अळ्या व गोगलगायी खाऊन शेतकऱ्याचे काम बिनबोभाट करणारे असे हे प्राणी आहेत. स्वसंरक्षणासाठी त्यांच्या उदराच्या टोकाशी दाहक द्रव स्रवणाऱ्या ग्रंथी असतात. त्यांच्यातील बंदूकधारी म्हणून प्रसिद्ध असलेले भुंगेरे तर हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ही द्रव्ये एका कोठ्यात साठवून ती आयत्या वेळी विकरांनी भरलेल्या दुसऱ्या कोठ्यात सोडतात, आणि जवळजवळ उकळत्या पाण्याइतका तप्त फवारा शत्रूवर नेम धरून उडवितात. चार्ल्स डार्विनने केंब्रिजच्या विद्यार्थिदशेत या अस्त्राचा सौम्य प्रकार स्वतःच्या जिभेवर अनुभवला. झाडाची साल सोलताना दोन दुर्मिळ भुंगेरे दोन हातांत धरले असता तिसरा, त्यांहूनही इष्ट असा, दृष्टीस पडला; तेव्हा उजव्या हातातला भुंगेरा त्याने खुशाल तोंडात टाकला, आणि त्याने सोडलेल्या तिखट द्रवाने जीभ भाजल्यामुळे थुंकून दिला. त्या गडबडीत थुंकलेलाही गेला आणि तिसराही गेला. संग्राहकाची हाव आणि संग्राहकाची शिक्षा ही दोन्ही या हकीगतीत इतकी नेमकी उतरली आहेत, की भुंगेऱ्यांवर लिहिणाऱ्या कोणालाही ती टाळता येत नाही. मलाही आली नाही.

या कुलाचे सदस्यत्व ठरविणे तुलनेने सोपे आहे. भुंगेरा उताणा करून पाहावा: मागच्या पायांचे मूळखंड वक्षाला घट्ट जखडलेले असतात आणि उदराच्या पहिल्या दृश्य खंडाला ते मधोमध दुभागून टाकतात. शृंगिका बारीक, दोऱ्यासारख्या व ११ खंडांच्या असतात, प्रत्येक पावलाला ५ खंड असतात, आणि पुढच्या पायाच्या नडगीवर शृंगिका ओढून साफ करण्यासाठी केसांनी युक्त अशी एक खाच असते. अडचण सुरू होते ती याच्या पुढे. कारण कुलाची ही खूण पटल्यानंतर समोर उरतात ते हजारो काळे, चकचकीत, अंडाकृती देह, ज्यांना सामान्य दृष्टीने पाहणारा मनुष्य एकाच आईची लेकरे म्हणेल. अभ्यासकाला मग जी लक्षणे आधाराला घ्यावी लागतात ती ऐकून हसू यावे इतकी क्षुल्लक वाटतात. डोळ्याच्या वरच्या कडेला ताठ केस एक आहे की दोन, वक्षाच्या पाठपट्टीचे मागचे कोन टोकदार आहेत की गोलसर, पंखकवचांवर लांबीने जाणाऱ्या रेषा खोल आहेत की पुसट, तिसऱ्या पट्ट्यात केस धारण करणारे खळगे किती, हे प्रश्न त्याला एकेका भुंगेऱ्याला विचारावे लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच पंखकवचावर अतिसूक्ष्म रेषांची एक जाळी दिसते. तिची घरे सर्व बाजूंनी सारखी असली तर पृष्ठभाग मंद दिसतो, आणि ती आडवी ताणून रेषामात्र उरली तर त्या काळ्या पृष्ठभागावर इंद्रधनुष्याचे रंग खेळू लागतात. हा रंग कोणत्याही रंगद्रव्याचा नसून प्रकाशकिरण त्या रेषांवर विखुरल्याने उत्पन्न झालेला असतो. ताठ केस क्षुल्लक दिसला तरी पिढ्यान्‌पिढ्या तो त्याच जागी उगवतो, आणि रंग किंवा आकारमान यांपेक्षा त्याची साक्ष पुष्कळ भरवशाची असते.

तथापि ज्या साक्षीवर विसाव्या शतकातील बहुतेक निवाडे झाले ती देहाच्या बाहेर दिसतच नाही. नराचे जननांग उदरात लपलेले, विश्रांतीच्या स्थितीत कुशीवर वळलेले आणि कठीण असते. वाळलेला नमुना गरम पाण्यात मऊ करून ते अत्यंत हळुवारपणे बाहेर काढावे लागते. बाह्यतः हुबेहूब दिसणाऱ्या दोन भुंगेऱ्यांत या अवयवाचे टोक एकाचे आकडीसारखे वाकलेले तर दुसऱ्याचे सरळ असे निघाले, की अभ्यासकाचे कान टवकारतात. रने झानेल (१८७९-१९६५) या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने गुहांत व ओलसर जमिनीत राहणाऱ्या ट्रेकिनी या गटाचा जो प्रचंड प्रबंध १९२६ ते १९३० या काळात प्रसिद्ध केला, त्यात या अवयवाच्या रचनेला वर्गीकरणात मानाचे स्थान मिळाले. हेच झानेल एमिल राकोव्हित्सा यांच्यासमवेत रुमानियातील क्लुज येथे १९२० साली स्थापन झालेल्या, जगातील पहिल्या गुहाविज्ञान संस्थेत कार्यरत होते. या लक्षणावर इतका विश्वास का टाकावा, याचे प्रत्यंतर पुढे जपानमधून आले. होन्शू बेटावर ओहोमोप्टेरस या उपवंशाचे भुंगेरे राहतात, आणि त्यांच्या शेजारशेजारच्या जातींमध्ये नराच्या जननांगावरील एका कठीण भागाचा व मादीच्या शरीरातील त्याला अनुरूप अशा पिशवीचा आकार निरनिराळा असतो. सोटा व कुबोटा यांनी १९९८ साली दाखविले, की मायासानस आणि इवावाकियानस या दोन जातींच्या नरमाद्यांचा संकर झाल्यास नराचा तो भाग मोडू शकतो, मादीच्या अंतर्भागास इजा होते आणि काही माद्या त्यात मरतात. म्हणजे वर्गीकरणकाराने जी सीमारेषा कागदावर आखली होती, ती भुंगेऱ्यांच्या संसारातही तितकीच कठोरपणे अमलात होती.

असे प्रत्यंतर मात्र क्वचितच लाभते. एर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली जातीची व्याख्या परस्परांत संतती उत्पन्न करणारा व इतरांपासून प्रजननदृष्ट्या अलग असलेला समुदाय अशी केली, आणि ती तत्त्वतः बहुतेकांना मान्य आहे. परंतु भुंगेऱ्यांच्या अभ्यासकापुढे जे असते ते टाचणीवरचे प्रेत, आणि प्रेताकडून प्रजननाची जबानी घेता येत नाही. त्याला परिस्थितिजन्य पुराव्यावर विसंबावे लागते: परस्परांशी संबंध नसलेली तीनचार लक्षणे एकाच वेळी एकाच रीतीने बदलतात काय, दोन गटांच्या मधल्या अवस्थेचे नमुने सापडतात की तेथे निखळ पोकळी आहे, आणि दोन्ही गट एकाच ठिकाणी राहूनही आपापले वेगळेपण टिकवितात काय. यासाठी एका नमुन्याने भागत नाही, मालिका लागते. पुष्कळ जातींत नराच्या पुढच्या पावलांचे खंड रुंद असून त्यांखाली चिकटणाऱ्या केसांची गादी असते, मादीची पावले अरुंद असतात. एवढेही ध्यानात न घेता नर एका नावाने आणि मादी दुसऱ्या नावाने नोंदविण्याचे प्रकार कीटकशास्त्राच्या जुन्या दप्तरात कमी नाहीत.

हवाई बेटांच्या समूहातील मावी बेटावरचा हालेआकाला हा ज्वालामुखी या संदर्भात विशेष पाहण्यासारखा आहे. उंची ३,००० मीटरांहून थोडी अधिक, भूशास्त्राच्या मोजमापाने वय अगदीच कोवळे, वाऱ्याकडच्या उतारांवर बारमाही पावसाचे शेवाळलेले अरण्य, आणि त्या अरण्याला उभे चिरत गेलेल्या खोल दऱ्या. येथे मेसिक्लोथोरॅक्स या वंशाचे, काही मिलिमीटर लांबीचे भुंगेरे राहतात. त्यांपैकी थोडे टॉमस ब्लॅकबर्न या धर्मोपदेशकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर आर. सी. एल. पर्किन्स यांनी गोळा केले होते, आणि डेव्हिड शार्प यांनी १९०३ मध्ये त्या वंशाला नाव दिले. जेम्स लीबहर यांनी संग्रहालयांतले जुने नमुने आणि शेवाळाच्या थरांवर कीटकनाशकाचा फवारा मारून खाली पाडलेले नवे नमुने शेजारी शेजारी मांडून या एका पर्वताची जी फेरतपासणी केली, तिच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एकूण ११६ जाती नोंदलेल्या आहेत, आणि त्यांपैकी ७४ पूर्वी कोणी वर्णन न केलेल्या होत्या. एका डोंगरावर, एका वंशाच्या, ११६ जाती! याचे कारण त्यांच्या पाठीवरच सापडते. कवचाखालचे उड्डाणाचे पंख त्यांच्यात जवळजवळ सर्वत्र खुरटून नाममात्र उरले आहेत. स्थिर, ओलसर अशा पर्वतशिखरांवर व बेटांवर भूचर भुंगेऱ्यांचे पंख असे झडत जातात, हे हार्वर्डच्या फिलिप डार्लिंग्टन यांनी १९४३ मध्येच सविस्तर दाखविले होते. पंख गेले की दरी ओलांडता येत नाही, आणि दरी ओलांडता आली नाही की अलीकडच्या व पलीकडच्या कड्यांवरील समुदाय एकमेकांना परके होत जातात. ज्या अभ्यासकाने केवळ खालच्या वाटेवरचे दगड उलथून पाहिले त्याच्या यादीत यांपैकी फारच थोडी नावे आली असती; कारण कित्येक जाती एका विशिष्ट उतारावर, एका विशिष्ट उंचीवर आणि झाडांच्या शेवाळातच राहतात.

पुरावा जमला, निवाडा ठरला, की दस्तऐवज करावा लागतो. प्राण्यांच्या नामकरणाचा कारभार ज्या आंतरराष्ट्रीय संहितेने चालतो तिची पहिली आवृत्ती १९६१ ची व सध्या अमलात असलेली चौथी १९९९ ची असून, तिच्या दृष्टीने नावांचा इतिहास १७५८ सालापासून, म्हणजे लिनीयसच्या 'सिस्टेमा नॅचुरी'च्या दहाव्या आवृत्तीपासून सुरू होतो; त्यापूर्वीचे कोणतेही नाव तेथे दाखल करून घेतले जात नाही. नवी जाती सांगणाऱ्याने तिची वेगळेपणाची लक्षणे प्रसिद्ध केली पाहिजेत, एक नमुना होलोटाइप म्हणून मुक्रर केला पाहिजे, आणि तो कोणत्या संग्रहात जमा केला आहे हेही नमूद केले पाहिजे. त्या नमुन्याला बहुधा तांबडी चिठ्ठी लावतात. वर्णन कितीही पल्लेदार असले तरी अखेर नाव त्या वर्णनाशी बांधलेले नसते, त्या एका नमुन्याशी बांधलेले असते. वर्णन चुकीचे ठरले, चित्र फसवे ठरले, तरी नमुना उघडून पाहता येतो. इतिहासाचार्य राजवाडे यांनी बखरीच्या वर अस्सल कागदाला बसविले, त्याच न्यायाने येथे पुस्तकाच्या वर टाचणी बसते. दोघांनी एकाच जातीला दोन नावे दिली असतील तर सामान्यतः अगोदरचे नाव कायम होते आणि नंतरचे, ते कितीही समर्पक असो, समानार्थी म्हणून बाजूला पडते.

म्हणूनच जुन्या संग्रहांच्या मालकीहक्काची साखळी या शास्त्रात अतिशय काळजीपूर्वक जपली जाते. काउंट द्यजाँ (१७८०-१८४५) हा नेपोलियनच्या सैन्यातील सेनापती, वॉटर्लूच्या रणांगणावर बादशहाच्या निसबतीचा अंमलदार. शत्रूवर चाल करण्याच्या ऐन क्षणी घोड्यावरून उतरून त्याने एक दुर्मिळ भुंगेरा पकडला व शिरस्त्राणाच्या आत टोचून ठेवला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचे प्रमाण काहीही असो, त्याचा संग्रह त्या काळी जगातील सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी होता आणि १८२५ पासून त्याने भूचर भुंगेऱ्यांची जी वर्णने छापली ती आजही उघडावी लागतात. त्या संग्रहातील या कुलाचा भाग पुढे रशियन साम्राज्यातील बॅरन शोद्वार याने घेतला, त्याच्याकडून तो रने ओबेर्त्यूर या फ्रेंच संग्राहकाकडे गेला, आणि अखेर पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात स्थिरावला. ही साखळी मधेच तुटली असती, तर शेकडो नावांचा अस्सल आधारच नाहीसा झाला असता.

नावांचे व्याकरणही अशा दप्तराला शोभेल इतके काटेकोर आहे. दख्खनच्या कोरड्या माळांवर, काळ्या अंगावर सहा पांढरे ठिपके मिरविणारा जो ठसठशीत भुंगेरा भटकतो आणि हात लावल्यास फॉर्मिक आम्लाची पिचकारी मारतो, त्याचे वर्णन लिनीयसचा शिष्य फॅब्रिशियस याने १७७५ साली केले. त्याने तो कॅराबस या पुल्लिंगी वंशात घातला व पुल्लिंगी प्रत्यय लावून सेक्सगुटाटस असे नाव दिले. पुढे तो अँथिया या स्त्रीलिंगी वंशात गेला, तेव्हा नावाचा प्रत्यय बदलून सेक्सगुटाटा झाला आणि फॅब्रिशियसचे नाव व साल कंसात गेले. जाणता वाचक त्या कंसावरूनच ओळखतो, की या जातीचा मूळ दाखला दुसऱ्या घरी आहे.

संहिता काटेकोर असली तरी नाव कोणते ठेवावे याविषयी ती बरीच सैल आहे, आणि त्याचा फायदा थट्टेखोरांनी व खुशमस्कऱ्यांनी सारखाच घेतला. स्मिथ्सोनियन संस्थेतील टेरी अर्विन (१९४०-२०२०) हे अमेरिका खंडातील वर्षारण्यांच्या शेंड्यांवर राहणाऱ्या आग्रा या वंशाचे अधिकारी अभ्यासक. भूचर म्हणविणारे हे भुंगेरे आयुष्य झाडावर काढतात हेच मुळात गमतीचे, त्यात अर्विन यांनी एका जातीला आग्रा कडाब्रा असे नाव दिले आणि ज्याच्या नराच्या मांड्या पैलवानी फुगीर होत्या त्याला २००२ मध्ये नट श्वार्झेनेगरचे नाव दिले. हे विनोद निरुपद्रवी आहेत. याउलट आज स्लोव्हेनियात असलेल्या गुहांमधील एका आंधळ्या, तपकिरी भुंगेऱ्याला शाइबेल नावाच्या अभ्यासकाने १९३७ साली अॅनॉफ्थाल्मस हिटलरी असे नाव देऊन ठेवले. नावाच्या मोहाने विकृत संग्राहक या बिचाऱ्या जिवाच्या मागे लागले आहेत. नाव बदलावे अशी मागणी वारंवार होते, परंतु नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२३ मध्येही, नैतिक कारणावरून नावे बदलू लागल्यास सारा कारभार अस्थिर होईल, अशी भूमिका घेतली. ही भूमिका मला मान्य आहे, पण समाधानाने नाही.

हिंदुस्थानातील भूचर भुंगेऱ्यांचे दप्तर लावण्याचे काम जंगलखात्यात नोकरी केलेल्या हर्बर्ट अँड्र्यूज (१८६३-१९५०) यांनी हाती घेतले. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेत त्यांचा कॅराबिनी या उपकुलावरचा खंड १९२९ मध्ये आणि हार्पालिनी या विस्तीर्ण गटाचा पहिला भाग १९३५ मध्ये निघाला. हार्पालिनीचे उरलेले भाग कधीच निघाले नाहीत. आज भारतात नव्या जातीचे वर्णन करणाऱ्यावर कायद्याची जबाबदारीही आहे, कारण २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार नव्या जातीची वर्दी देऊन तिचे नमुने शासनाने नेमलेल्या भांडारात जमा करावे लागतात. १९१६ साली स्थापन झालेले भारतीय प्राणिसर्वेक्षण, ज्याचे एक प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे, ते अशा भांडारांपैकी प्रमुख होय. पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये सुचविलेली, जनुकाच्या सुमारे ६५० अक्षरांच्या तुकड्यावरून जात ओळखण्याची रीतही आता हाताशी आली आहे, आणि ताज्या नमुन्यांची प्राथमिक छाननी करण्यास ती उत्तम आहे. तथापि सह्याद्रीच्या एखाद्या माथ्यावर सापडलेला भुंगेरा अँड्र्यूज यांच्या दोन खंडांच्या कक्षेबाहेरच्या गटातला निघाला, तर अभ्यासकाला दीड शतकभर फ्रेंच, जर्मन व लॅटिनमध्ये विखुरलेली वर्णने धुंडाळावी लागतात, आणि त्या वर्णनांचे होलोटाइप बहुतांशी युरोपात आहेत. काही संग्रहालये हल्ली त्यांची छायाचित्रे पाठवितात, पण पंखकवचावरची ती सूक्ष्म जाळी छायाचित्रात नेहमीच नीट उतरत नाही, आणि मग लंडनचा किंवा पॅरिसचा प्रवास टळत नाही.